सहा पिवळ्या सुया

परळ,
१२ जानेवारी २०२५

प्रिय आत्या,
सप्रेम जय भीम.

फोनवर तुला आता शब्द कळत नाहीत, नुसता आवाज येतो, असं पप्पा म्हणाले. म्हणून पत्र. शाळेनंतरचं हे पहिलंच. अक्षराला हसू नकोस. केसपेपर भरून भरून ते असं झालंय.

बातमी अशी की एक तारखेपासून नऊ नंबर वॉर्डची इनचार्ज मी आहे. सध्या सहा महिन्यांसाठी. बाळांचा वॉर्ड, तुझाच. तुझी खुर्ची अजून आहे, एक हात मोडलाय. चार्ज देताना मेट्रन मृणालिनी मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, वॉर्डात सगळं आहे, फक्त सामान नाही." दोन दिवस मला वाटत होतं, त्या विनोद करत होत्या.

सामान खरंच नाही. चिकटपट्टीचा रोल आठवड्याला एक येतो. सकाळी आल्या आल्या मी त्याच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापते आणि ट्रॉलीच्या कडेला लावून ठेवते. लागेल त्याने एक घ्यायची. शीर फुगवायला हात आवळायचा पट्टा तुटला, तर आम्ही हातमोजा बांधायला लागलो. आता हातमोजे मोजून येतात. बाकीच्या गोष्टींसाठी चिठ्ठी लिहायची आणि नातेवाइकांना बाहेरच्या दुकानात पाठवायचं. ज्याच्या हातात चिठ्ठी देते त्याच्या तोंडाकडे मी बघत नाही. तू बघायचीस का?

सगळ्यात वाईट शिरेत घालायच्या सुयांचं. हिरव्या, गुलाबी, निळ्या मिळतात. पिवळी, सगळ्यात बारीक, तान्ह्या बाळांची, ती नसते.

तुझा ॲल्युमिनियमचा डबा चादरींच्या मागे ठेवला आहे. रिटायर होताना तू तो माझ्या हातात दिलास तेव्हा मी हसले होते. आता त्यात थोडं थोडं बाजूला टाकते. एक विचारायचं होतं. डब्याच्या बुडाला 'सु' कोरलं आहे. तू तर शैला. कोणाचा ढापलास?

भिंतीपलीकडे दहा नंबरला दर्शना आहे, माझ्याबरोबर शिकलेली. दोन दिवसांच्या बाळाची शीर ती बोटाने शोधते, डोळ्यांनी नाही. जेवायला आम्ही एकत्र बसतो. ती असल्यामुळे बरं चाललंय.

तुझी,
दीपू


मंडणगड,
२० जानेवारी २०२५

चि. दीपू,
जय भीम आणि मंगल कामना.

अक्षर वाईट नाही, घाईचं आहे.

इनचार्ज झालीस, चांगलं झालं. खुर्चीचा हात आधी बसवून घे. मोडक्या खुर्चीतल्या माणसाचं कोणी ऐकत नाही.

आम्ही काचेच्या सिरिंजा उकळायचो. सुयांची धार गेली की दगडावर घासायचो. हातमोजे धुवून दोरीवर वाळवायचे, पावडर लावायची, भोक पडलं तर पंक्चरवाल्यासारखं ठिगळ लावायचं. नातेवाइकांच्या तोंडाकडे मीही बघत नसे. पण माझ्या वॉर्डात सत्तावीस वर्षांत कधी काही कमी पडलं नाही. शेजारच्या वॉर्डांच्या इनचार्ज बदलल्या, मेट्रन बदलल्या, हे वाक्य बदललं नाही.

डबा भरलेला ठेव. कोणाला सांगू नकोस, दर्शनालाही नाही. मैत्रीण मैत्रिणीच्या जागी, वॉर्ड वॉर्डाच्या जागी. एकदा दिलंस की मागणारा दुसऱ्यांदा येतो.

माझ्या कानाच्या यंत्राचे सेल इथे मिळत नाहीत. दापोलीचा दुकानदार प्रत्येक वेळी पुढचा आठवडा सांगतो. यंत्र टेबलावर पडून आहे. त्याच्याशिवाय तशी शांतता आहे.

हिंदमात्याच्या कापडबाजारात गेलीस तर जयंतीसाठी पांढरी सुती साडी बघ. काठ निळा. भारी नको.

शैलाआत्या


परळ,
२३ फेब्रुवारी २०२५

प्रिय आत्या,
सप्रेम जय भीम.

उत्तराला उशीर झाला. खुर्चीचा हात बसवला. साडी घेतली. दुकानदार म्हणाला, "एवढी साधी? म्हातारीसाठी आहे का?" मी म्हटलं, रिटायर्ड सिस्टरसाठी आहे. मग त्याने काठ नीट दाखवले.

वॉर्ड ठीक आहे. सात नंबरच्या खाटेवरचं बाळ घरी गेलं. डबा तू सांगितलास तसा भरलेला आहे.

मागच्या मंगळवारी दुपारी शेजारी दहा नंबरला जरा धावपळ झाली. माहीमहून एक बाळ आलं, आठ महिन्यांचं, जुलाबाने पार सुकलेलं. मनू नाव. डॉक्टर दुसऱ्या बाळाजवळ अडकले होते आणि त्या वॉर्डात पिवळी सुई नव्हती. आमच्याकडेही नव्हती. दर्शनाने निळीने तीनदा प्रयत्न केला, शीर फुटत गेली. शेवटी बाप बाहेरून घेऊन आला. चाळीस मिनिटं गेली. मनू आता बरा आहे. काल त्याने दर्शनाचा चष्मा ओढला.

दर्शना मात्र अजून तिथेच अडकली आहे. म्हणते, "माझा हात गेला गं." मी म्हटलं, वेडी आहेस का. ती ओपीडीत बदली मागणार म्हणते.

आत्या, तुझा डबा कधी कोणी उघडला होता का?

दीपू


(पोस्टकार्ड)

मंडणगड,
१ मार्च २०२५

दीपू,
डबा भरलेला आहे, असं लिहिलंस. चार ओळी खाली आमच्याकडेही नव्हती, असं लिहिलंस.
पिवळ्या किती होत्या?

आत्या


परळ,
६ मार्च २०२५

आत्या,

सहा.

पोस्टकार्डावर विचारलंस. पोस्टमनने वाचलं असेल. वाचू दे.

मी रजिस्टर लिहीत होते. दुपारचे तीन. दहा नंबरचे वॉर्डबॉय भिवा मामा ट्रे घेऊन दारात आले, ट्रेवर नेहमीसारखा हिरवा कपडा. म्हणाले, "सिस्टर, दहा नंबरला पिवळी पायजे. एक तरी." मी वर न बघता म्हटलं, "नाही मामा." विचार केला आणि मग नाही म्हटलं असं झालं नाही. तोंडाने आधीच म्हटलं. मामा म्हणाले, "बरं, अकराला बघतो." अकरालाही नव्हती.

मग भिंतीतून रडणं यायला लागलं. बाळ रडतंय तोवर ठीक आहे, हे तूच शिकवलंस. मी लिहीत राहिले. मग रडणं थांबलं.

मी उठले, कपाट उघडलं, चादरी काढल्या, डबा काढला. झाकण घट्ट बसलं होतं. ते निघेपर्यंत मनूचा बाप धावत जिन्यावरून आला, पुडकं दातांत धरलेलं, कारण एका हातात सलाईन आणि दुसऱ्या हातात बिल. तो माझ्यासमोरून गेला. मी डबा परत ठेवला. आत्या, मी चादरीसुद्धा घडी घालून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी जेवताना दर्शनाने मला अर्धी भाकरी दिली. मी घास घेत नव्हते तर म्हणाली, "काय गं, डाएट? खा गपचूप." मग म्हणाली, "काल तुझ्याकडे असती तर तू दिलीच असतीस. त्याचं नाही वाईट वाटत. तीनदा टोचलं मी त्याला. दहा वर्षांत असं झालं नव्हतं."

निळीने त्या बाळाची शीर कोणालाच मिळाली नसती. हे तिला माहीत आहे. पण हात गेला हे तिच्या डोक्यात बसलं आहे. आता ती सुई दुसऱ्याला धरायला सांगते. बदलीचा अर्ज लिहून पर्समध्ये ठेवला आहे, सोमवारी देणार म्हणते, मग पुढच्या सोमवारी.

सांगितलं तर ती जाईल. चार्जही जाईल. नाही सांगितलं तर तिचा हात जाईल. तू सांगितलं होतंस तसंच मी केलं. तुला दोष देत नाही. मला फक्त विचारायचं आहे की सत्तावीस वर्षं तू झोपत कशी होतीस.

दीपिका


मंडणगड,
१३ मार्च २०२५

चि. दीपू,

शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. उत्तर देते.

माझ्या वॉर्डात कधी कमी पडलं नाही हे खरं आहे. शेजारच्या वॉर्डात पडलं.

१९९१. तेव्हा दहा नंबरला सुभद्रा होती. मालवणकडची, लालबागच्या चाळीत राहायची. आम्ही एकाच वर्षी लागलो. पहिल्या बुद्ध पौर्णिमेला मी तिच्या घरी खिरीची वाटी घेऊन गेले. तिच्या आईने खीर पातेल्यात ओतली, वाटी घासली आणि उंबऱ्यावर ठेवली. रिकामी. आपल्या चाळीत वाटी रिकामी परत जात नव्हती, निदान चिमूटभर साखर तरी असायची. तिच्या चाळीतही तसंच असणार. मला समजायचं ते समजलं. मी वाटी उचलून आले.

दुसऱ्या दिवशी सुभद्रा ड्युटीवर डबा घेऊन आली. शेवेचे लाडू, गुळातले. म्हणाली, "आवशीचां मनार घेव नको." आईबद्दल एवढंच. मग आम्ही दोघींनी उभ्या उभ्या लाडू खाल्ले. 'सु' तिचा आहे. तू विचारलं होतंस, मी उत्तर दिलं नव्हतं.

डबा परत करायचा तर रिकामा कसा करायचा, म्हणून ठेवला. मग त्यात काही ना काही टाकायला लागले. कसं झालं ते आठवत नाही.

तिच्याकडे एकदा एक तान्हं मूल आलं. तिने आयाला माझ्याकडे पाठवलं. बारीक सुई हवी होती. माझ्याकडे चार होत्या, तिच्याच डब्यात. मी नाही म्हटलं. तिने मोठ्या सुईने प्रयत्न केला. ते मूल राहिलं नाही. डॉक्टर म्हणाले, सुई असती तरी राहिलं नसतं. ते वाक्य मी चौतीस वर्षं धरून बसले आहे.

सुभद्राने मात्र वेगळं धरलं. आपला हात चुकला असं. महिनाभरात बाळांचा वॉर्ड सोडला. पुढची सगळी वर्षं तिने ओपीडीत चिठ्ठ्या वाटल्या. तिच्यासारखा हात परळमध्ये नव्हता. रोज दुपारी चार वाजता ती मला चहा आणून द्यायची आणि मी तो प्यायचे. अजून दर दिवाळीला तिचं कार्ड येतं. मी उत्तर पाठवत नाही. लोकांना सांगते, कान गेले, आता पत्राचंही जमत नाही.

तू विचारलंस म्हणून लिहिते. झोप लागायची. तेच वाईट होतं.

तू काय करावंस हे मी सांगणार नाही. मागच्या वेळी सांगितलं त्याचं काय झालं ते बघितलं. एवढंच मागते. डबा मला परत पाठव. तो माझा नाही आणि तुझाही नाही. येताना रिकामा येऊ दे.

आत्या


परळ,
२० एप्रिल २०२५

प्रिय आत्या,
सप्रेम जय भीम.

महिना झाला, माहीत आहे. लिहिण्यासारखं होईपर्यंत थांबले.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी जेवताना दर्शनाला सांगितलं. सगळं. चादरींच्या घड्यांसकट. तिने तुझाच प्रश्न विचारला. "किती?" मी म्हटलं सहा. तिने जेवणाचा डबा बंद केला आणि गेली. संध्याकाळी भिवा मामांनी सांगितलं, दर्शना सिस्टरने पर्समधला कागद फाडला. मामांना वाटलं प्रेमपत्र होतं.

मग एकोणीस दिवस ती माझ्याशी बोलली नाही. अकरा नंबरच्या मुलींबरोबर जेवायची. भिंतीतून आवाज यायचा तिचा, बाळांशी बोलतानाचा. "अरे राजा, बघ, झालं पण." सुई दुसऱ्याच्या हातात देत नव्हती. मला तेवढ्यावर चालण्यासारखं होतं.

मेट्रन मॅडमनाही मीच जाऊन सांगितलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाल्या, "बसा. चार्ज काढला तर पुढची काय वेगळं करणार आहे? जूनमध्ये बघू." मी उठले तर म्हणाल्या, "डबा कुठे ठेवायचा होता ते मला विचारायचं होतंत. मी फायलींच्या मागे ठेवायचे."

विसाव्या दिवशी दर्शना वॉर्डात आली. हातात चिवड्याची बरणी. टेबलावर आपटली. आत चिकटपट्टीचे रोल. अकरा. म्हणाली, "तू बोटाबोटाच्या पट्ट्या कापत होतीस तेव्हा हे माझ्या कपाटात होतं. आता तू बोल." मला हसू आलं. तिला नाही आलं. म्हणाली, "हसू नकोस. मी अजून रागावलेय." मग बसली. माझ्याच खुर्चीत बसली. हात बसवलेला आहे हे तिने तपासून बघितलं.

दोन वॉर्डांच्या मधल्या पॅसेजमध्ये भिवा मामांनी एक जुनं काचेचं कपाट आणून ठेवलं. कुठून आणलं ते विचारायचं नाही, असं त्यांनी आधीच सांगितलं. त्यात डब्यातलं सगळं ठेवलं, बरणीतलं सगळं ठेवलं. दोन दिवसांनी अकरा नंबरवाल्यांनी एक पिशवी आणून ठेवली, तोंड न दाखवता. चौथ्या दिवशी आठ नंबर. आत्या, त्यांच्याकडे एकोणीस पिवळ्या होत्या.

मॅडम बघायला आल्या. बराच वेळ काचेतून बघत राहिल्या. "म्हणजे गेलं वर्षभर प्रत्येक वॉर्ड मला थोडं आहे, थोडं आहे म्हणत होता," म्हणाल्या. "मग मी वर काय मागणार होते?" आता चार वॉर्डांची मिळून एकच मागणी जाते, चार सह्यांची, खरंच काय नाही ते लिहून. पहिल्या वेळी अर्धं आलं. हातमोजे आले. पिवळ्या आल्या, पंधरा दिवस पुरतील एवढ्या. कापूस आला नाही. पुन्हा लिहिलंय.

कपाट उघडं ठेवता येणार नाही, असा नियम आहे. मॅडम म्हणाल्या, कुलूप लावा. लावलं. किल्ली त्याच कपाटाच्या खिळ्याला टांगली आहे.

पट्ट्या मी अजून कापते. आता दोन बोटांएवढ्या.

मनू तपासणीला आला होता. दोन दात आलेत. त्याच्या बापाने आम्हा दोघींना पेढे दिले. मी घेत नव्हते. दर्शना म्हणाली, "घे. नाही घेतलास तर त्याला कारण सांगावं लागेल." घेतला. तिची जीभ आता अशी झाली आहे. ती परत पहिल्यासारखी होणार नाही, असं वाटतं. पण जेवायला येते.

मंडणगडला जाणाऱ्या काकांबरोबर डबा पाठवते आहे. साडी त्यांच्याकडे वेगळी दिली आहे, जयंती गेली, पौर्णिमेला नेस. तू डबा रिकामा मागितला होतास. मी तसाच बांधत होते. दर्शना म्हणाली, "रिकामा? कोणाच्या घरी पाठवतेस, दुश्मनाच्या?" आत कानाच्या यंत्राचे सेल आहेत. वर्षभर पुरतील. ते तिने आणलेत.

तुझी,
दीपू


लालबाग, तुझ्या बिल्डिंगखाली,
बुद्ध पौर्णिमा, १२ मे २०२५

प्रिय सुभद्रा,

हे पत्र देणारी मुलगी माझी भाची, दीपिका. नऊ नंबरची इनचार्ज आहे. तिला काही विचारू नकोस. तिच्या वाट्याचं तिने केलं आहे. माझ्या वाट्याचं चौतीस वर्षं उशिरा करते आहे.

१९९१च्या सप्टेंबरमध्ये तुझ्याकडे एक तान्हं मूल आलं होतं. तुला आठवत असेल. तू आयाला माझ्याकडे बारीक सुई मागायला पाठवलंस. मी नाही म्हटलं. माझ्या कपाटात चार होत्या.

तुझा हात चुकला नव्हता. त्या सुईने कोणाचाही हात चुकला असता. हे मला त्या दिवशीच माहीत होतं. तू बाळांचा वॉर्ड सोडलास तेव्हाही माहीत होतं. तू चहा आणायचीस तेव्हा रोज माहीत होतं.

माफी मागते असं लिहिलं होतं, ते खोडलं. ती कागदावर मागायची गोष्ट नाही.

सोबतचा डबा तुझा आहे. बुडाला तुझं नाव आहे. लाडू घालून दिला होतास. त्या चार सुया मी यातच ठेवल्या होत्या, हेही तुला कळायला हवं. आता आत मंडणगडचे वाळवलेले काजूगर आहेत. तुला आवडायचे.

जिथे तुझी चाळ होती तिथे हा टॉवर झाला. तू चौदाव्या मजल्यावर आहेस, असं वॉचमन म्हणाला. मी खाली फाटकाजवळच्या बाकावर बसले आहे. यंत्राला नवे सेल आहेत. तू जे बोलशील ते मला ऐकू येईल.

दीपिकाच्या हाती डबा परत पाठवलास तर समजेन आणि दुपारच्या एसटीने जाईन. ठेवून घेतलास तर वर येईन.

घाई करू नकोस. मी बसले आहे.

शैला